डावीकडचा ओटा

कुलूपकाकांच्या राज्यात चिठ्ठीशिवाय एक स्क्रूसुद्धा जागचा हलला नाही. कारखान्याच्या भांडारात त्यांनी उभा जन्म काढला. एकदा खुद्द मोठे साहेब हातमोजे मागायला आले, तर यांनी हात पुढे करून विचारलं, ‘‘चिठ्ठी?’’ साहेब मुकाट्याने परत गेले आणि चिठ्ठी लिहून घेऊन आले. त्या दिवसापासून हे नाव पडलं ते पडलंच. पुढे शेजारीपाजारी आणि दूधवालासुद्धा त्यांना कुलूपकाका म्हणू लागला. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट जरा मिरवायचेच ते. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नाव, एवढं केलं की जगात काही हरवत नाही, असं त्यांचं मत होतं. ते मत किती थिटं होतं, ते कळायला त्यांना स्वतःचंच स्वयंपाकघर फोडावं लागलं.

घर जुनं, बैठं. भिंती जाड, पण एकही सरळ नाही. मागच्या अंगाला स्वयंपाकघर. त्याच्या डाव्या भिंतीला काळ्या दगडाचा ओटा. उजव्या टोकाला शेगडी, मग सलग दगड आणि डावीकडे खिडकीखाली मोरी. खिडकीजवळ दगडाचा एक कोपरा उडालेला होता आणि मधोमध पातेलं टेकवून टेकवून अशी गुळगुळीत खोलगट जागा पडली होती की पाणी सांडलं तर तिथे साचून राहायचं. काकूंच्या हातचं सगळं याच दगडावर व्हायचं. शेगडीवरून पातेलं उचलायचं, डावीकडे त्या खळग्यात टेकवायचं, वर ताटली ठेवायची. काम आटोपलं की ओल्या फडक्याने ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचा आणि शेवटी तळहाताने दोन थापा मारायच्या, गुणी गुराला माराव्यात तशा. ओट्यावर फडकं राहिलेलं मात्र त्यांना खपत नसे. कुणी विसरलं तर ‘‘हे इथे कुणी टाकलं?’’ म्हणून ते उचलून खिळ्याला जायचं.

काकूंचं विसरणं सुरू झालं तेव्हा कुलूपकाकांनी आधी ते चेष्टेवारी नेलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून परत यायला त्यांना वेळ लागू लागला. मग एकदा औषधवाल्याचा पोऱ्या हात धरून घेऊन आला. मग लेकीचं नाव आठवेना, तेव्हा ‘‘ती आपली... लांब असते ती’’ असं व्हायला लागलं. कुलूपकाकांनी हे सगळं झाकून ठेवलं. लेकीचा फोन आला की ‘‘आई आंघोळीला गेलीय’’ किंवा ‘‘आत्ताच डोळा लागलाय तिचा’’ हे ठरलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते मनाशी म्हणायचे. पण एक गोष्ट खरी होती आणि तिच्या जोरावरच त्यांचा धीर टिकून होता. ओट्यापाशी उभी राहिली की ही बाई पहिल्यासारखी होती. मीठ कुठे, चहाची पूड कुठे, लहान झाकण कुठल्या खिळ्याला, हे तिला विचारावं लागत नव्हतं. तिचा हात जायचा आणि वस्तू हाताला लागायची. चहा टाकताना तर ती गुणगुणायचीसुद्धा.

मूठ उघडली ती एका दुपारी. काकूंनी दूध तापत ठेवलं आणि त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, कुणाची वाट बघत होत्या देव जाणे. दूध उतू गेलं, आटलं, करपलं. शेजारचं फडकं पेटलं, वरची फळी पेटली आणि भिंत छतापर्यंत काळी झाली. काकू आत धावल्या तेव्हा त्यांच्या पदराचं टोकही जळलं. शेजाऱ्यांनी बादल्या ओतून विझवलं. कुलूपकाका पेन्शनच्या कामाला गेले होते. ते परतले तेव्हा काकू ओला ओटा शांतपणे पुसत होत्या.

शेजारणीने फोन केला असावा. दुसऱ्या दिवशी लेक आली. लेक वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही लगेच तिच्या नावाने बोटं मोडाल. दोन खोल्यांत राहणारी, दिवसभर नोकरी करणारी, डोळ्यांखाली काळं आलेली बाई होती ती. तिने काळी भिंत पाहिली, आईच्या पदराचं जळकं टोक पाहिलं आणि ती बापासमोर बसली.

‘‘बाबा, येताना मी एक जागा बघून आलेय. चांगली माणसं आहेत. चोवीस तास कुणीतरी असतं.’’

‘‘कसली जागा?’’

‘‘तुम्हाला कळलंय कसली ते.’’

‘‘ती इथून हलणार नाही.’’

‘‘पेटली असती बाबा ती! आणि तुम्ही मला फोनवर सांगताय, आंघोळीला गेलीय!’’

जन्मभर दुसऱ्याच्या चुका पकडलेला माणूस स्वतःची पकडली गेली की फार गरीब दिसतो. कुलूपकाका म्हणाले, ‘‘दोष तिचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. जुनाट झालंय ते. मी सगळं नवीन करतो. आपोआप बंद होणारी शेगडी मिळते आता, ज्वाळाच नसते तिला. धूर झाला की बोंबलणारं यंत्र लावतो. कपाटांवर नावं लावतो. मग तर झालं?’’

लेक म्हणाली, ‘‘ठीक आहे. होईपर्यंत आईला मी नेते. झालं की मी येईन आणि बघेन. तिला तिथे एकटीने साधा चहा जरी नीट करता आला ना, तर पुन्हा त्या जागेचं नाव काढणार नाही मी. पण नाही आला तर तुम्हीही अडवायचं नाही.’’

‘‘नाही अडवणार.’’

चहाचीच पैज ती. कुलूपकाकांना वाटलं, जिंकलो. काकूंनी आयुष्यात हजारो वेळा केलेली ती एकच तर गोष्ट होती.

निघताना काकूंना सगळं समजलं होतं असं नाही, पण काहीतरी समजलं होतं. हातातली पिशवी ठेवून त्या पुन्हा आत गेल्या, ओट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, काय ते सगळं करा. पण माझ्या ओट्याला हात लावू नका हं.’’

‘‘नाही लावत गं.’’

‘‘कुणालाच लावू देऊ नका.’’

‘‘नाही देत. जा तू.’’

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याने जुनं स्वयंपाकघर दुरुस्त करून पाहिलं नसावं, नाहीतर म्हण वेगळी झाली असती. कुलूपकाकांनी मुदत ठेव मोडली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खर्चाचे रकाने आखले. तोडफोड, नळ, वीज, कपाटं, शेगडी, रंग. प्रत्येक रकान्यापुढे तीन-तीन दुकानांचे भाव. फरशी जुनीच ठेवायची, खिडकी घासून रंगवायची, कपाटांना साधा पत्रा लावायचा. पण शेगडीत काटकसर नाही. आणि सगळ्यात खाली, एकूण रकमेचा दहावा हिस्सा, ‘न दिसणारा खर्च’ म्हणून. भांडारातही ते असा गाळा राखून ठेवत आणि त्याची किल्ली कुणाला देत नसत.

ठेकेदार मिळाला तो हसतमुख, पोटाला घट्ट शर्ट घालणारा. त्याला काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, ‘‘होऊन जाईल.’’ ओटा न हलवता मागची वायर बदलता येईल? होऊन जाईल. कपाट वाकड्या भिंतीला बसेल? होऊन जाईल. कुलूपकाकांनी मनातल्या मनात त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. एरवी अशा माणसाला त्यांनी भांडाराच्या उंबऱ्यावरसुद्धा उभं केलं नसतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही.

पहिले काही दिवस झालंही सगळं. काळी भिंत खरवडली गेली, जळकी फळी निघाली. मग ओट्याखालचा गिलावा ठोकून पाहताना होऊनजाईलचा हातोडा भिंतीत मनगटापर्यंत आत गेला. पाणी बाहेर आलं, आधी थेंब थेंब आणि मग धार. दगडामागून जाणारा लोखंडी नळ कधीचा कुजला होता. किती वर्षं तो आतल्या आत गळत होता कुणास ठाऊक. भिंतीचा पाय भिजून चिखल झाला होता आणि एवढी जाड भिंत त्या ठिकाणी नुसती रंगाच्या पापुद्र्यावर उभी होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. कुलूपकाका उकिडवे बसून त्या भोकात बघत राहिले आणि त्यांना काकूंची आठवण झाली. जुनं घर काय आणि जुनं माणूस काय, उघडेपर्यंत आतलं कळत नाही.

‘‘ओटा ठेवायचा असेल,’’ होऊनजाईल म्हणाला, ‘‘तर भिंतीचा हा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागेल. दगड उचलायचा, नवा नळ टाकायचा, परत दगड बसवायचा. होऊन जाईल, पण पैसे लागतील.’’

त्याने आकडा सांगितला. राखून ठेवलेला दहावा हिस्सा त्यात सगळा जात होता आणि वर तेवढेच आणखी लागत होते.

‘‘दुसरं काही?’’

‘‘दुसरं म्हणजे हा नळ इथेच ठोकून बंद करायचा, भोक बुजवायचं. समोरच्या भिंतीमागे न्हाणीघराचा नळ आहे, नवाच आहे. मोरी, ओटा, सगळं त्या भिंतीला घ्यायचं. अर्ध्याहून कमी पैशात काम.’’

कुलूपकाका कॅलेंडर घेऊन बसले. रकाने खोडले, पुन्हा मांडले. रंग काढून टाकला, कपाटं अर्धी केली, तरी जमेना. ओटा जागेवर ठेवायचा तर एकच रकाना खोडावा लागत होता, शेगडीचा. आणि शेगडीशिवाय हे सगळं करायचं कशाला? लेकीने काय पाहिलं होतं, ओटा की आग? लेकीकडे पैसे मागावेत असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण ती म्हणणार, एवढ्या पैशात आई तिकडे वर्षभर राहील. मागितले नाहीत.

एकदा वाटलं, निदान तिला विचारावं. फोन लावला. लेक म्हणाली, ‘‘आई बसलीय. खुर्चीत बसते आणि बसूनच राहते.’’ काकू फोनवर आल्या, म्हणाल्या, ‘‘माझं घर कधी?’’ कुलूपकाकांनी ओट्याची गोष्टच काढली नाही. ‘‘लवकर,’’ म्हणाले आणि फोन ठेवला. मग अंगणात होऊनजाईलकडे गेले आणि म्हणाले, ‘‘त्या भिंतीला घ्या.’’

इतकी काही मोठी गोष्ट नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. कारखान्याचं भांडार जुन्या शेडमधून नव्या शेडमध्ये गेलं होतं, तेव्हा जुने कामगार कितीतरी दिवस सवयीने जुन्या शेडपाशी जाऊन उभे राहायचे. कुलूपकाका दारात उभे राहून त्यांना हसायचे. मग त्यांनी ठळक अक्षरांत पाट्या लावल्या आणि एकेक जण आला रुळावर. इथेही पाट्या लावू. त्या कामगारांची डोकी शाबूत होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर लक्षात येऊ दिलं नाही.

दगड उचलताना दुभंगला. उडालेल्या कोपऱ्यापासून सुरू झालेली भेग सरळ त्या खळग्यातून गेली. ‘‘हळू! अरे, हळू!’’ कुलूपकाका ओरडले, पण तोवर काम झालं होतं. दोन्ही तुकडे राडारोड्याच्या गाडीतून गेले. डावी भिंत गिलावा करून गुळगुळीत केली, पांढरी रंगवली. उजवीकडे नवा ओटा आला, दिसायला देखणा, चकचकीत. मोरी खिडकीपासून लांब, आतल्या कोपऱ्यात. शेगडी दुसऱ्या टोकाला, दाराजवळ. शेगडीच्या उजव्या हाताला भरपूर ओटा होता. डाव्या हाताला ओटा संपत होता आणि दाराची मोकळी वाट सुरू होत होती.

कपाटांवर कुलूपकाकांनी स्वतःच्या भांडारी अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. चहा. साखर. कप. झाकणं.

काकू परत आल्या, दाराशी थांबल्या. लेक घाईत होती, तिला परतीची गाडी गाठायची होती. ‘‘या नाही, पुढच्या रविवारी येते बाबा, मग बघू,’’ म्हणून ती निघून गेली. काकूंनी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली, शाळेतली मुलगी धडा वाचते तशी. अडखळल्या नाहीत कुठे. कुलूपकाकांचा चेहरा उजळला.

‘‘छान आहे दुकान,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मालक नाहीत का?’’

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. काकूंना ते नवं एक दिवसही लाभलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपकाकांनी पातेलं हातात दिलं, शेगडी चालू करून दिली, पूड-साखर पुढ्यात ठेवली. पातेलं पुढ्यात आलं तसा काकूंचा हात चालू लागला. पाणी, पूड, साखर. त्या गुणगुणूसुद्धा लागल्या. चहा उकळला. काकूंनी दोन्ही हातांनी पातेलं उचललं, डावीकडे वळल्या आणि तिथे नसलेल्या ओट्यावर, बरोब्बर कमरेच्या उंचीवर, अगदी भरवशाने ते ठेवून दिलं.

पातेलं खाली आपटलं. उकळता चहा फरशीभर झाला, काकूंच्या घोट्यावर उडाला. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. ती जागा त्यांच्याशी खोटं बोलली होती.

दुपारी पुन्हा तेच झालं. संध्याकाळीही तेच.

कुलूपकाकांनी काय काय केलं नाही? डावीकडे टेबल आणून ठेवलं. ते दाराच्या वाटेत यायचं, काकू त्याच्यावर आदळायच्या आणि ‘‘हे इथे कुणी आणलं?’’ म्हणत ओढत नेऊन बाहेर ठेवायच्या. त्यांना स्वयंपाकघरात येऊच द्यायचं नाही असं करून पाहिलं; तर त्या खुर्चीत बसल्या, लेकीकडे बसायच्या तशा, आणि दिवेलागणीपर्यंत कुलूपकाकांनाच ‘‘तुम्ही कोण?’’ विचारू लागल्या. त्यांनी होऊनजाईलला गाठलं. ‘‘काही करा, पण ओटा परत डावीकडे घ्या. तसाच.’’ त्याने भिंतीकडे पाहिलं, बुजवलेल्या नळाकडे पाहिलं, कुलूपकाकांच्या हातातल्या उरल्यासुरल्या नोटांकडे पाहिलं. आणि त्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, ‘‘आता नाही होणार, साहेब.’’

मग एका सकाळी काकू पातेलं घेऊन वळल्या आणि कुलूपकाकांनी विचार न करता दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, कमरेच्या उंचीवर. पातेलं त्यांच्या हातांवर अलगद टेकलं.

काकूंचा चेहरा खुलला. ‘‘हां,’’ त्या म्हणाल्या आणि वर ताटली ठेवली.

कुलूपकाकांनी पातेलं खाली फरशीवर ठेवलं आणि मोरीत जाऊन नळाखाली हात धरले. डोळ्यांतून पाणी आलं, ते नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेलं. पण हिशेब त्यांना पटला होता. डाव्या बाजूला ओटा हवा होता, तो मिळाला होता. पैसा लागला नव्हता.

पुढच्या वेळी त्यांनी तळव्यांवर फडक्याची घडी ठेवली. काकूंनी ‘‘ओट्यावर फडकं कुणी टाकलं?’’ म्हणून ती काढली, खिळा शोधला, खिळा नव्हता, तेव्हा ती खांद्यावर टाकली आणि मग पातेलं ठेवलं. कारखान्यातले जाड हातमोजे माळ्यावर होते. ते घातले, तर काकू पातेलं धरून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना ओटा सापडेना. पातेल्याचं बूड जरा निवू द्यावं म्हणून ते शेगडी लवकर बंद करायचे, पण चहा उकळल्याखेरीज काकू उचलायच्याच नाहीत. तेव्हा उघडे हात पुढे करण्यावाचून इलाज राहिला नाही. तळव्यांना फोड आले, फुटले, त्याच जागी पुन्हा आले. दोन पातेल्यांच्या मधल्या वेळात ते मलम लावून पट्ट्या बांधायचे. बटणं लावता येईनात, दाराची किल्ली फिरवता येईना. जन्मभर ज्याने कुलपं सांभाळली त्याला स्वतःच्या घराचं कुलूप उघडता येईना. पण काकू गुणगुणत होत्या. दोनदा तर त्यांनी लेकीचं नावही बरोबर घेतलं.

ठरल्या रविवारी लेक आली. येताना फळं घेऊन आली आणि चेहऱ्यावर जरा आशाही. कुलूपकाकांनी सकाळीच पट्ट्या सोडून टाकल्या होत्या आणि हात खिशात घातले होते.

‘‘काय छान झालंय बाबा,’’ लेक म्हणाली. तिने शेगडी पाहिली, धुराचं यंत्र पाहिलं, चिठ्ठ्या वाचल्या. ‘‘खरंच छान झालंय हो.’’ तिलाही आईला त्या जागेत न्यायचं नव्हतंच. हरायलाच आली होती ती.

‘‘आई, चहा करतेस?’’

‘‘करते की,’’ ओलं फडकं खांद्यावर टाकत काकू म्हणाल्या. ‘‘बसा तुम्ही.’’

पाणी पडलं. पूड पडली. कुलूपकाकांनी डब्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवली होती. काकूंनी साखर घातली, एक चमचा, दुसरा चमचा, आणि थांबल्या बरोबर. लेक दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिने बापाकडे पाहून मान हलवली आणि हसली. कित्येक महिन्यांनी तिला हसताना पाहत होते ते. त्याच क्षणी जग थांबलं असतं तर पैज कुलूपकाकांनी जिंकली होती.

चहा उकळला. शेगडी आपोआप बंद झाली, कबूल केल्याप्रमाणे. काकूंनी पातेलं उचललं.

कुलूपकाकांचे हात खिशात होते. हात बाहेर काढावेत तर लेकीला दिसणार. न काढावेत तर सगळा चहा हिच्या पायांवर, घोट्याची खपली अजून सुकली नव्हती. विचार करायला वेळ होता तो एवढासाच, आणि तो त्यांनी वापरलाही नाही. ते पुढे झाले, ओटा संपतो तिथे उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे वर करून पुढे धरले.

काकू वळल्या आणि पातेलं ठेवलं.

कुलूपकाकांचा खालचा ओठ दातांखाली गेला. काकूंनी वर ताटली ठेवली आणि कप शोधायला वळल्या.

‘‘बाबा!’’ लेक धावली. तिने ओढणीत धरून पातेलं त्यांच्या हातांवरून उचललं आणि नव्या ओट्यावर ठेवलं. मग तिने ते तळवे पाहिले. लाल, सोललेले, जुन्या फोडांवर नवे.

‘‘किती दिवस चाललंय हे?’’

‘‘वाफ लागली गं जरा.’’

‘‘बाबा.’’

‘‘तिला डावीकडे लागतो ओटा,’’ कुलूपकाका म्हणाले. ‘‘मी हलवला.’’

त्यांना हात खाली घ्यायचं सुचलं नाही. तेवढ्यात काकू परत आल्या. कप सापडले नव्हते. डावीकडच्या ओट्यावर चहाचे दोन थेंब सांडलेले त्यांना दिसले. त्यांनी खांद्यावरचं ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत, एकही कोपरा न सोडता. कुलूपकाकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्यांनी हात तसूभर हलू दिले नाहीत. पुसून झाल्यावर काकूंनी फडकं परत खांद्यावर टाकलं आणि तळहाताने दोन थापा मारल्या.

‘‘तापलाय आज,’’ त्या लेकीला म्हणाल्या. ‘‘ओट्याला हात लावू नका हं.’’

लेकीने तोंडावर ओढणी दाबली. शेवटी कुलूपकाकाच बोलले, भांडाराच्या खिडकीतून बोलावं तसं सावकाश आणि स्पष्ट.

‘‘तिची बॅग कपाटावर आहे. कपडे डावीकडच्या खणात, निळा स्वेटर सगळ्यात वर. तो विसरू नकोस. आणि तिथल्या लोकांना सांग, तिच्या उशाशी जे काही ठेवतील ते डाव्या हाताला ठेवा म्हणावं.’’

लेक आतल्या खोलीत गेली.